पुण्याजवळचे वळणावळणाचे रस्ते: नकाशावर कसे शोधायचे, गाडी कशी न्यायची

पुण्यात गाडी शिकलेल्या कुणालाही विचारा, घाटांची दोन-तीन नावं तोंडपाठ असतात. ताम्हिणी, खंडाळा, सिंहगड. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी अकरा वाजता यांतल्या कुठल्याही घाटात गेलात, तर पुढच्या गाडीचा नंबर पाठ होईपर्यंत तिच्या मागे बसायचं आणि कणीस खाऊन परत यायचं. वळणं सगळी तिथेच असतात, पण ती चालवायला मिळत नाहीत.

मी कोथरूडला राहते आणि माझ्याकडे साधी, दहा वर्षं जुनी हॅचबॅक आहे. नुसतं गाडी चालवण्यासाठी घराबाहेर पडायची खोड जुनी आहे. इतक्या वर्षांत माझं मत एवढंच झालंय की चांगला रस्ता नावावरून शोधायला गेलं की गर्दीच सापडते. तो वळतो कशामुळे हे समजून घेतलं, तर नकाशावर बोट ठेवून रस्ता ओळखता येतो. खालचं सगळं पुणे धरून लिहिलं आहे, कारण मला हाच भाग माहीत आहे.

आधी वळणांची जात ओळखा

आपल्याकडे रस्ता मुख्यतः तीन कारणांनी वळतो.

पहिलं कारण चढण. डोंगरातल्या रस्त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत सर्वसाधारण चढ २० ला १ धरलेला आहे. म्हणजे एक मीटर वर जायला वीस मीटर रस्ता. आता वाई आणि पाचगणी घ्या. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटरवर आणि पाचगणी १,२९० च्या आसपास. पावणेसहाशे मीटर चढायचे तर या हिशेबाने साडेअकरा किलोमीटर रस्ता लागतो. दोन्ही गावांत सरळ रेषेत दहाएक किलोमीटर आहेतच, त्यामुळे पसरणी घाटाला फारशा घड्या घालाव्या लागत नाहीत. डोंगराच्या कुशीला धरून तो लांब, उघडी वळणं घेत वर जातो आणि खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसत राहतं. याउलट पोलादपूर ते महाबळेश्वर. जवळजवळ समुद्रसपाटीवरून निघायचं आणि तेराशे मीटरच्या वर पोचायचं, तेही सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटरमध्ये. मधे खोल दऱ्या. म्हणून आंबेनळी घाटाचा रस्ता चाळीसेक किलोमीटरचा होतो आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर फारशी जातच नाही.

दुसरं कारण पाणी, आणि माझ्या मते पुण्याचं खरं वैभव हेच. घाट सगळ्यांना दिसतात, धरणाच्या काठचे रस्ते कुणी मोजत नाही. धरण झालं की खोऱ्यातली गावं आणि त्यांचे रस्ते पाण्याखाली जातात, मग नवा रस्ता पाण्याच्या वरच्या अंगाने काढावा लागतो. साठलेल्या पाण्याची कड सगळीकडे एकाच उंचीवर असते. नकाशातली समोच्च रेषाच ती, म्हणजे एकाच उंचीच्या जागा जोडणारी रेघ, फक्त जमिनीवर आखलेली. तिच्या जोडीने जाणारा रस्ता प्रत्येक ओढ्यापाशी आत वळतो, मोरी ओलांडतो आणि पुढच्या सोंडेवर बाहेर येतो. चढ फारसा नाही, पण वळणं संपत नाहीत. मुळशी, पवना, पानशेत, नीरा देवघर, सगळीकडे हाच नमुना आहे. त्या पाण्याखाली कुणाची तरी शेतं आहेत, हे विसरू नये. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो याच जमिनींसाठी.

तिसरं कारण बांध. देशावर, सासवड-जेजुरीच्या किंवा शिरवळच्या बाजूला, सपाट जमिनीवर रस्ता मधेच काटकोनात वळतो. तिथे ना डोंगर, ना ओढा. कुणाच्या तरी शेताची हद्द राखत जुनी गाडीवाट गेली होती आणि डांबर तिच्यावरच पडलं. नकाशावर ही वळणं आकर्षक दिसतात आणि चालवताना दगा देतात, कारण दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो आणि पलीकडून येणारा ट्रॅक्टर बोनेटला टेकेपर्यंत दिसत नाही. असा रस्ता मी मजेसाठी निवडत नाही.

म्हणजे शोधायचे आहेत ते चढणीचे आणि पाण्याचे रस्ते. दोन्ही एकाच फेरीत मिळाले तर दुधात साखर.

नकाशावर शोधताना

फोनवरच्या गूगल मॅप्समध्ये स्तरांच्या खुणेवर बोट ठेवून 'भूभाग' निवडा आणि थोडं जवळ जा. डोंगरांवर बारीक रेषा उमटतील. रेषा दाटीने आल्या असतील तिथे कडा, विरळ असतील तिथे पठार. जो रस्ता या रेषांना लांबवर समांतर जातो आणि मग तिरका होऊन एकेक रेषा कापतो, तो आपला. रेषा सरळ कापत जाणारा रस्ता बहुधा नवा असतो, खोदून किंवा भराव घालून केलेला, आणि चालवायला कंटाळवाणा.

आणखी बारकाईने बघायचं असेल तर ओपनटोपोमॅप हा मोफत नकाशा उघडा, किंवा सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे बघा. या नकाशांत दोन रेषांमधलं उंचीचं अंतर सहसा २० मीटर असतं, त्यामुळे रस्ता किती रेषा ओलांडतो हे मोजून चढाईचा अंदाज घरबसल्या येतो. मला या कामात इतका वेळ जातो की घरचे म्हणतात, पेट्रोल वाचलं तरी डोळे जातील.

मग अंतर मोजा. नकाशावर एका जागी बोट दाबून धरलं की 'अंतर मोजा' हा पर्याय येतो. दोन गावांमधलं सरळ अंतर एकीकडे आणि रस्त्याचं अंतर दुसरीकडे. रस्ता सरळ रेषेच्या सव्वापट असेल तर तो सर्वसाधारण, दीडपट झाला की लक्ष द्यावं, पावणेदोनपटीच्या वर गेला तर शनिवार मोकळा ठेवावा. हे गणित कुठल्या पुस्तकातलं नाही, माझं आहे, आणि ते पसरणीपाशी फसतं हे वर आलंच. म्हणून पूर्ण प्रवासाचं अंतर मोजण्यात अर्थ नाही. ज्या दहा-पंधरा किलोमीटरांवर तुमचा डोळा आहे तेवढेच मोजा, आणि मोजून झाल्यावर रेषा पुन्हा बघा.

रस्त्याच्या वर्गाकडेही पाहावं. राष्ट्रीय महामार्गावर ट्रक असणारच. माळशेज घाटाचं नाव मोठं आणि पावसाळ्यात धबधबेही खरेच देखणे, पण कल्याणकडे जाणाऱ्या अवजड वाहनांच्या मागे चढण काढावी लागते. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग यांत आपल्या कामाचे रस्ते सर्वांत जास्त सापडतात. प्रत्यक्ष रस्त्यावर हे किलोमीटरच्या दगडावरून कळतं. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. नारिंगी माथा दिसला की समजायचं, प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला गावरस्ता आहे. त्याचं डांबर चांगलं असू शकतं, रुंदी मात्र एका गाडीपुरतीच. समोरून एसटी आली तर मागे कुठपर्यंत जावं लागेल, हे सतत डोक्यात ठेवावं लागतं.

शेवटी फेरी जुळवा. त्याच रस्त्याने परत येण्यात गंमत अर्धी होते, म्हणून जाताना एक खिंड आणि येताना दुसरी असं वर्तुळ शोधायचं. इथे फोनवर विसंबू नका. तो तुम्हाला वेळ वाचवून देण्यासाठी बसलेला असतो आणि संधी मिळाली की महामार्गावर नेऊन सोडतो. पर्यायांत जाऊन 'महामार्ग टाळा' निवडा, आणि तरीही ऐकत नसेल तर मधल्या गावांचे थांबे एकेक करून घाला. तो सगळा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. घाटमाथ्यावर रेंज जाते, आणि जिथे फाटा चुकतो नेमकी तिथेच जाते.

डांबर आहे का, आणि आज आहे का

हा टप्पा मी एकदा गाळला होता. वेल्ह्याकडच्या एका रस्त्यावर नकाशात छान जाड रेघ होती. संध्याकाळी साडेपाचला मी फाट्यावरून आत वळले. चार किलोमीटर गुळगुळीत डांबर, मग खडी, मग नुसते दगड. वळवायला जागा नाही, एका बाजूला चर आणि दुसऱ्या बाजूला उतार. गाडीचं पोट दोनदा घासलं. शेवटी गुरं घेऊन परतणाऱ्या एका आजोबांनी काठीने जागा दाखवत गाडी मागे घ्यायला लावली. म्हणाले, "पोरी, रस्ता मंजूर हाय, झाल्याला न्हाई." नकाशावरची रेघ कुणाच्या तरी कागदावरची रेघ असू शकते, हे तेव्हा कळलं.

आता मी आधी उपग्रह चित्र बघते. डांबर करडं-काळं दिसतं, कच्चा रस्ता तांबूस किंवा पांढुरका. झाडीखाली काही दिसत नाही, तिथे रस्त्यावरून टिपलेली चित्रं असतील तर ती उघडायची, पण कोपऱ्यातला महिना-वर्ष वाचूनच. सह्याद्रीत तीन पावसाळ्यांपूर्वीचं डांबर म्हणजे इतिहास. त्या बाजूच्या एखाद्या गडाच्या किंवा देवळाच्या पानावर लोकांनी अलीकडे टाकलेले फोटो आणि तक्रारी जास्त उपयोगी पडतात. "रस्ता खूप खराब" असं तिघांनी लिहिलं असेल तर ते खरं मानावं.

सगळ्यांत भरवशाची खूण मात्र लाल डबा. त्या रस्त्यावर एसटी चालू आहे का, एवढं जवळच्या स्थानकावर विचारलं की बहुतेक उत्तर मिळतं. जिथून बस जाते तिथून तुमची गाडी जाईल. भोरच्या स्थानकाबाहेर चहा पिताना एका एसटी चालकाला मी भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंधा घाटाबद्दल विचारलं होतं. त्यांनी आधी माझ्या गाडीच्या टायरांकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "जावा ताई, पण खालच्या अंगाला बारीक खडी पसरलीय. ब्रेक दाबू नका, गिअरवर काढा." कुठल्याही ॲपने हे सांगितलं नसतं.

आणि बंदी. वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीसाठी बंद ठेवण्याचे आदेश जिल्हा प्रशासन वेळोवेळी काढतं, कधी फक्त अवजड वाहनांसाठी, कधी सगळ्यांसाठी. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात दरडी कोसळल्या, तेव्हा आंबेनळीचा रस्ताही जागोजागी तुटला होता. पावसाळी पर्यटनाच्या ठिकाणी जमावबंदीही लागते. निघायच्या आदल्या रात्री जिल्हा प्रशासनाची सूचना आणि स्थानिक बातम्या वाचणं हा अंतर मोजण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

कधी जायचं

लोक म्हणतात पावसाळा. डोळ्यांसाठी खरं आहे, चालवण्यासाठी नाही. जुलै २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या मोसमात साधारण जेवढा पडतो, त्याच्या जवळ जाणारा हा आकडा, तोही एका दिवसात. अशा दिवशी तिथल्या वळणांवर धुकं, वाहून आलेली माती आणि रस्त्यात उभे राहून भिजणारे लोक, तिन्ही एकदम भेटतात.

माझा मोसम गणपती गेल्यावर सुरू होतो. ऑक्टोबरात दरीतलं गवत पिवळं पडायला लागतं, ओढ्यांना पाणी असतं, हवा धुतल्यासारखी असते. खड्डे त्या वेळी सर्वांत वाईट असतात, हे मात्र खरं, कारण डागडुजी दिवाळीच्या आसपास सुरू होते. नोव्हेंबर ते जानेवारी रस्ते उत्तम, पण साखर कारखाने चालू झालेले असतात. भोर, वाई, सासवड या बाजूंना दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर दिसतात, बऱ्याचदा मागचा दिवा नसलेले. म्हणून अंधार पडायच्या आत महामार्गावर येणं हा माझा हिवाळ्यातला नियम. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा फुलतो, गर्दी ओसरते. घाटात एकट्याने गाडी चालवायची तर हे दोन महिने सोडू नका.

वाराचं काय सांगायचं, शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच. नाही जमलं तर पहाटे सहाला शहर सोडा आणि अकराच्या आत घाटाबाहेर पडा. उशिरा उठणाऱ्या पुणेकरांचे आभार मानावेत, त्यांच्यामुळे सकाळी आठपर्यंत रस्ता रिकामा मिळतो.

दिशेचा एक हिशेब फार कमी लोक करतात. पुण्याचे बहुतेक घाट पश्चिमेला आहेत. सकाळी पश्चिमेकडे उतरताना सूर्य पाठीशी असतो आणि समोरची दरी स्वच्छ दिसते. दुपारी चारनंतर त्याच बाजूला गेलात तर प्रत्येक दुसऱ्या वळणावर ऊन काचेवर येतं आणि समोरचा दुचाकीस्वार त्या झगमगाटात नाहीसा होतो. म्हणून सकाळी जाणं आणि दुपारी परतणं, दोन्ही वेळा ऊन मागे. मुंबईकरांना घाट पूर्वेला पडतात, त्यांच्या नशिबी नेमकं उलटं.

निघण्यापूर्वी, थोडक्यात

टायरमधली हवा थंड असताना तपासा आणि जादा चाकातलीही बघा, कारण ती आपण कधीच बघत नाही. ब्रेकचं तेल, कूलंट, वायपरचं पाणी. पेट्रोल पिरंगुट-पौडला किंवा भोरला भरून घ्या, पुढे भरवसा नाही. वीजेवरची गाडी असेल तर घाटमाथ्यावर शंभर टक्के चार्ज करून उतरायला लागू नका. बॅटरी भरलेली असली की उतारावर वीज परत साठवायला जागा नसते आणि त्या बरोबर मिळणारा रोध कमी होतो. मागे बसणाऱ्यांसाठी आल्याच्या वड्या आणि आवळासुपारी. सासूबाई ही पुरचुंडी पर्समध्ये घालूनच गाडीत बसतात, आणि त्या बसल्या की माझा वेग आपोआप दहाने कमी होतो.

घाटात

वळणाच्या रस्त्यावरची मजा वेगात असते हा गैरसमज आहे. ताशी चाळीसने लागोपाठ वीस वळणं एकही धक्का न देता काढली, तर मागच्या सीटवरच्या माणसाची झोप मोडत नाही. ते जमणं साठने किंचाळत जाण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

पद्धत अशी. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करा आणि गिअरही तेव्हाच टाका. वळणात शिरल्यावर ब्रेकवरचा पाय काढा, हलका ॲक्सिलरेटर ठेवा. नजर बोनेटच्या पुढे नाही, वळण जिथे संपतं तिथे. हात नजरेच्या मागोमाग जातात. वळण बंद असेल, म्हणजे पलीकडचं काही दिसत नसेल, तर जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग. हॉर्न द्या, लाजू नका. शहरातला हॉर्न आणि घाटातला हॉर्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाटातला हॉर्न म्हणजे "मी येतेय" असा निरोप.

आपली बाजू सोडायची नाही. रिकाम्या रस्त्यावर वळण कापून आतून जायचा मोह होतो, आणि नव्वद वेळा काही होत नाही. अगदी घडीसारख्या वळणावर वरून एसटी येताना दिसली तर वळणाच्या अलीकडेच थांबा. तिला पूर्ण रुंदी लागते. तुम्ही मधे घुसलात तर दोघांनाही मागे सरकावं लागतं, आणि उतारावर बस मागे घेणं म्हणजे काय हे त्या चालकाच्या चेहऱ्यावर वाचता येतं. अरुंद चढावर वर येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं, असा नियमच आहे. चढात थांबलेली गाडी पुन्हा उचलणं कठीण असतं, हे त्यामागचं साधं कारण.

उतरताना जुने चालक सांगतात तेच खरं: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी इंजिनावर रोखली जाते आणि ब्रेक फक्त वळणापुरते लागतात. पाच-सहा किलोमीटर सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ते तापतात, जळका वास येतो, पेडल मऊ पडतं आणि मग दाबूनही गाडी थांबत नाही. वास आला की रुंद जागा बघून थांबा, वीस मिनिटं चहा प्या, चाकावर पाणी ओतू नका. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे लोक अजून आहेत. त्यांना समजावण्यात मी वेळ घालवत नाही, त्यांच्या पुढे मात्र राहत नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर 'एल', म्हणजे खालचा गिअर, किंवा हाताने गिअर बदलायची सोय नेमकी कशी चालते, ते घरीच शिकून घ्या.

धुक्यात दिवे खालच्या झोतावर. वरचा झोत टाकला की समोर पांढरी भिंत उभी राहते. चारही इंडिकेटर लावून चालवायची फॅशन आहे, ती सोडा. मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय हे कळत नाही. फोटोसाठी वळणावर कधीच थांबू नका. मोकळी रुंद जागा येईपर्यंत दरी कुठे पळून जात नाही. आणि घाट संपला की मन सैल पडतं, नेमकं तेव्हाच गाव लागतं. रंग उडालेले गतिरोधक, शाळेतून घरी निघालेली पोरं, संध्याकाळी परतणारी गुरं. आपण मजेला आलो आहोत, त्यांचा हा रोजचा रस्ता आहे.

तीन फेऱ्या, सोप्यापासून सुरुवात

सरावासाठी पवनेची फेरी. चांदणी चौकातून पिरंगुट, पौड, तिथून उजवीकडे कोळवणच्या खोऱ्यात, मग जवण, तिकोना पेठ, पवनानगर आणि कामशेत. परत येताना जुना मुंबई-पुणे रस्ता. सव्वाशे किलोमीटरच्या आत सगळं आटोपतं. यात मोठा घाट नाही, लहान खिंडी आणि पाण्याची वळणं आहेत. तिकोन्याचा त्रिकोणी माथा कधी डावीकडे, कधी समोर येत राहतो, त्यावरून आपण किती वळलो ते कळतं. पवनेकाठी तंबूंचा धंदा वाढल्यापासून शनिवारी संध्याकाळी तिकडे जाऊ नये, रविवारी पहाटे मात्र तंबूवाले झोपलेले असतात.

दुसरी पाबे घाटाची. खडकवासल्यावरून पानशेत रस्त्याला लागायचं आणि खानापूरहून डावीकडे रांजणे, पाबे घाट. माथ्यावर आलं की राजगड आणि तोरणा समोरासमोर दिसतात. उतरून वेल्हे रस्त्याला लागलात की मार्गासनीवरून नसरापूर, तिथून चेलाडी फाट्याला महामार्ग. शंभरेक किलोमीटर होतात. घाट लहान आहे पण चढ तीव्र आणि रस्ता काही ठिकाणी अरुंद, म्हणून पहिल्यांदा जाताना याच दिशेने जा. महामार्ग शेवटी ठेवला की दमल्यावर डोक्याला ताण राहत नाही. येताना नसरापूरजवळ बनेश्वरला झाडीत बसून डबा खाता येतो.

तिसरी पूर्ण दिवसाची, आणि माझी सर्वांत लाडकी. कापूरहोळवरून भोर, तिथून मांढरदेवीचा घाट चढून वाईत उतरायचं. काळूबाईचं ठाणं साडेचार हजार फुटांच्या वर आहे, त्यामुळे भोरकडून चढताना एकेक टप्पा मागे पडतो आणि नीरेचं खोरं खाली पसरत जातं. वाईकडे उतरणारी बाजू जास्त घड्यांची आहे, तिथे दुसरा गिअर सोडू नका. पौष महिन्यात यात्रेचे दिवस कॅलेंडरवर बघून घ्या, त्या आठवड्यात हा रस्ता भाविकांचा असतो. वाईला जेवून दम असेल तर पसरणी घाटाने पाचगणीपर्यंत जाऊन यावं, नसेल तर सुरूरवरून महामार्गाने घर. पाचगणी सोडून एकशे ऐंशीच्या आसपास किलोमीटर पडतात.

वरंधा मुद्दाम या यादीत घातला नाही. भोर सोडल्यावर नीरा देवघरच्या पाण्याकडेने जाणारा त्याचा लांबलचक पट्टा हा मी चालवलेला सर्वांत सुंदर रस्ता आहे, वाघजाईच्या देवळापाशी मिळणारा चहा आणि भजी यांच्यासकट. पण तिथलं डांबर दरवर्षी वेगळं असतं. आधीच्या तीन फेऱ्या करून, दिवाळीनंतर, भोरच्या स्थानकावर एखाद्या चालकाला विचारूनच तिकडे वळा. देवळापाशी गाडीच्या काचा वर करून ठेवा. माझा अख्खा वडापावचा पुडा तिथल्या माकडांनी चालकाच्या सीटवर बसून संपवला होता.